साग ओळखायचा असेल तर लाकडाचं तोंड बघा

आमचं आजोळ अमळनेर तालुक्यातलं. धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, मातीच्या जाड भिंती, वर खारी माती, आणि त्या सगळ्याचा भार पेलणारे सरे, म्हणजे छताखालची आडवी लाकडं, नि खांब. मागच्या उन्हाळ्यात मामांनी ते घर उतरवलं, कारण मागची भिंत बसली होती आणि पावसाळ्यात त्यात राहणं धोक्याचं होतं. लाकूड अंगणात रचून ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी जुनं लाकूड घेणारा एक व्यापारी आला, ढिगाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, नाना, हे सगळं बाभूळ आणि निंब आहे, जळाऊच्या भावानं उचलतो. मामा देऊनच टाकणार होते, कारण खरंच ते लाकूड पाहून काहीच कळत नव्हतं, चुलीच्या धुरानं सगळं एकसारखं काळं पडलेलं, त्यावर कुठे चुना कुठे ऑइलपेंट.

शेजारच्या गल्लीत एक म्हातारे सुतार आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. मी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी एका सऱ्याच्या टोकावरून दोन बोटं जाडीचा तुकडा करवतीनं कापला, कापलेली बाजू पटाशीनं, म्हणजे सुताराच्या छिन्नीनं, तासून गुळगुळीत केली, ओल्या फडक्यानं पुसली आणि माझ्यासमोर धरली. "भो, रंग नको देखू, तोंड देख." आणि मग थोडं थांबून, "हाई साग शे."

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलोय आणि मला वाटतं की खान्देशात जुनी घरं पाडणाऱ्या प्रत्येकाला एवढं तरी माहीत पाहिजे, कारण आज गावोगावी धाबे उतरताहेत आणि ७०-८० वर्षांचं उत्तम लाकूड सरपणाच्या भावात चाललंय. म्हणून जेवढं समजलं तेवढं सरळ लिहितो.

तोंड म्हणजे लाकडाचा आडवा काप, जिथून झाड आडवं तोडलेलं दिसतं ती बाजू. फळीचा सपाट भाग आपण नेहमी बघतो, त्यावर रंग, पॉलिश, धूर, सगळं चढवता येतं. तोंडावर झाडाची रचनाच उघडी पडते आणि ती कुणाला बदलता येत नाही. झाडाचं खोड म्हणजे मुळातून वर पाणी नेणाऱ्या बारीक बारीक नळ्यांची मोळी समजा. पोकळ बांबूंची मोळी टोकाकडून बघितली की जशी भोकंच भोकं दिसतात, तशी लाकडाच्या तोंडावर या नळ्यांची छिद्रं दिसतात, फक्त फार बारीक. कुठल्या झाडात ही छिद्रं कशी मांडलेली आहेत यावरून लाकूड ओळखता येतं.

सागाची मांडणी खास आहे आणि ती आपल्या हवामानाशी जोडलेली आहे. सातपुड्यात यावल, पाल, तोरणमाळकडे उन्हाळ्यात गेलात तर साग पूर्ण निष्पर्ण उभा दिसतो, जमिनीवर पापडासारख्या वाळलेल्या मोठ्या पानांचा थर. पहिला पाऊस पडला की झाडाला एकदम मोठमोठी पानं फुटतात आणि त्या पानांना भरपूर पाणी लागतं, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला झाड मोठ्या तोंडाच्या नळ्या बनवतं. नंतर गरज कमी होत जाते तशा नळ्या लहान आणि विरळ होतात. मग परत पानगळ, परत पाऊस, परत मोठ्या नळ्या. त्यामुळे सागाच्या तोंडावर मोठ्या छिद्रांची एक ओळ वर्तुळात फिरलेली दिसते, मग दाट भाग, मग परत छिद्रांची ओळ. एक ओळ म्हणजे एक वर्ष. आबांनी त्या तुकड्यावर नखानं मोजून दाखवलं, फक्त अडीच इंचात ३१ ओळी होत्या.

हे नुसत्या डोळ्यांनीही दिसतं, पण काप स्वच्छ पाहिजे. करवतीच्या कापावर काहीच कळत नाही, तंतू फाटलेले असतात. धारदार पटाशीनं किंवा दाढीच्या नव्या ब्लेडनं नखाएवढी जागा तासा, थोडं पाणी लावा आणि सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. जळगावात असाल तर असं भिंग शोधायला लांब जावं लागत नाही. मोठ्या छिद्रांभोवती फिकट रंगाची पातळ पट्टी आणि काही छिद्रांत पांढरट किंवा पिवळसर भरलेलं दिसलं तर तेही सागाच्या बाजूनं जातं.

आता बाभूळ. बाभळीची छिद्रं सगळीकडे विखुरलेली असतात, ओळीत नसतात, आणि प्रत्येक छिद्राभोवती फिकट कडं दिसतं. निंबाचंही तसंच विखुरलेलं, वर तंतू एकमेकांत अडकलेले, त्यामुळे रंधा मारताना मधेच लाकूड उचकटतं. हळदू पिवळा, फार बारीक पोताचा, त्याची छिद्रं भिंगाशिवाय जवळजवळ दिसतच नाहीत. फसवणारे दोन आहेत, बकाण आणि तून, कारण त्यांनाही सागासारखीच वर्तुळातली ओळ असते, पण दोघंही लालसर, वजनाला हलके, आणि हाताला सागाचा तो मेणासारखा तुळतुळीतपणा लागत नाही. तुनाला तर स्वतःचा वेगळाच गोडसर सुगंध असतो. बीजा, ज्याला काही भागात बिबला म्हणतात, त्याची परीक्षा मला सगळ्यात आवडली. त्याचा थोडा भुसा काचेच्या पेल्यात पाण्यात टाका आणि उन्हात धरा, पाणी पिवळट तपकिरी होतं पण कडेनं बघितलं तर त्यात निळी झाक चमकते. मामांच्या ढिगात बीज्याची एकच फळी निघाली, कपाटाची होती, आणि पोरांनी तो पेला दिवसभर उन्हात फिरवला.

दुसरी परीक्षा वजनाची. वाळलेला साग एका घनमीटरला साधारण ६५० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे घनफुटाला १८ किलो धरा. पाणी घनफुटाला २८ किलो. म्हणून सागाचा वाळलेला तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला तर तो तरंगतो आणि साधारण एक तृतीयांश भाग पाण्याच्या वर राहतो. बाभूळ जड, तिचा जेमतेम पाचवा हिस्सा वर राहतो. आता घरातल्या खांबाचा तुकडा टाकला तर तो सरळ तळाला गेला. मामी म्हणाल्या लोखंड आहे का आत. तो अंजन होता.

अंजनाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो कारण सागाचं कौतुक सगळेच करतात, अंजन मात्र खास आपल्याकडच्या कोरड्या डोंगरांचं झाड आहे आणि त्याला कुणी विचारत नाही. पान बघितलं की झाड लगेच ओळखू येतं, दोन पानं जोडून फुलपाखराचे पंख उघडल्यासारखी. पाला गुरं खातात, सालीचा वाख निघतो त्याचे दोर वळतात. लाकूड गडद तांबडं, जवळपास काळं, घनफुटाला ३० किलोच्या आसपास, भारतातल्या सगळ्यात जड लाकडांपैकी एक. जुन्या लोकांनी ते बरोबर जागी वापरलं, खांबाला, उंबऱ्याला, गाडीच्या चाकाच्या मधल्या तुंब्याला, जिथे भार आणि मार दोन्ही सोसायचे तिथे. आणि वर, जिथे वजन कमी पाहिजे पण वाळवी लागायला नको, तिथे साग. सहा बाय सहा इंचाचा आठ फुटी सरा घेतला तर तो दोन घनफूट होतो, सागाचा असेल तर ३६ किलो, अंजनाचा असेल तर ६० किलो. धाब्यावर आधीच टनावारी माती, त्यात प्रत्येक सऱ्यामागे हा २४ किलोचा फरक. ज्यानं ते घर बांधलं त्यानं कुठलं लाकूड कुठे घालायचं हे किती विचारानं ठरवलं होतं ते उतरवताना समजलं.

सागाला एवढी किंमत का, तर त्याच्या गाभ्यात. झाड जिवंत असताना कडेचा पांढरट भाग पाणी वाहून नेतो आणि त्यात पिष्ट साठवतो. आतला भाग हळूहळू मरतो, आणि मरताना झाड त्याच्यात तेलकट द्रव्यं भरून ठेवतं, त्यातलं एक म्हणजे टेक्टोक्विनोन, जे वाळवीला चालत नाही. थोडासा रबरासारखा पदार्थही असतो, म्हणून तो मेणचट स्पर्श आणि जुन्या चामड्यासारखा वास. हे फक्त गाभ्यात. कडेचं पांढरं लाकूड सागाचंच असलं तरी त्याला किडा लागतो, पिठासारखा भुसा पडतो, आणि माणूस म्हणतो मला सागात फसवलं. फसवलं नसतं, पांढरं दिलेलं असतं. म्हणून फळी घेताना कडेला किती पांढरं आहे ते बघा आणि ते सोडून मापं काढा.

या गाभ्याचा टिकाऊपणा बघायचा तर मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये मलबारच्या सागाचं बांधलेलं ट्रिंकोमाली नावाचं लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यात उभं आहे. सागातलं तेल लोखंडाला गंज चढू देत नाही, खिळे-बोल्ट टिकतात, आणि जहाजवाल्यांना सागाचं एवढं वेड का होतं ते यात आलं.

बाजारात गेलात की नावं ऐकू येतात, सीपी, बल्लारशा, बर्मा, घाना, नायजेरिया. सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा माल, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड बल्लारपूरहूनच, म्हणजे याच बल्लारशाहून, गेलं. घाना वगैरे आफ्रिकेतला मालही सागच असतो, झाड तेच, पण बरेचदा कमी वयात तोडलेलं असतं म्हणून पांढरं जास्त आणि तेल कमी. घरातल्या फर्निचरला तो चालतो, उन्हापावसातल्या दाराला मी घेणार नाही. आणि आफ्रिकन टीक या नावानं इरोको विकतात, ते झाडच वेगळं, म्हणून नावापेक्षा तोंड बघा. काहीजण सांगतात की ओळी जितक्या जवळजवळ तितकं लाकूड मजबूत. सागाच्या बाबतीत हे तितकं खरं नाही, झाडाचं वय किती आणि गाभा किती हे जास्त महत्त्वाचं.

मापाचंही समजून घ्या. चौकोनी मालाला जाडी इंचात गुणिले रुंदी इंचात गुणिले लांबी फुटात भागिले १४४, उत्तर घनफुटात. गोल लाकडाला घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करतात, मग लांबीनं गुणून १४४ नं भागतात. म्हणजे घेर ४८ इंच, लांबी आठ फूट, तर आठ घनफूट. खरं आकारमान त्यापेक्षा जास्त असतं, दहा घनफुटाच्या थोडं वर, पण कापताना जे वाया जातं ते धरून ही पद्धत पडलीय. मामांनी फक्त ढीग बघून भाव ऐकला होता, माप कुणी काढलंच नव्हतं. आम्ही टेप घेऊन बसलो आणि सागच २२ घनफूट भरला.

एक गोष्ट कायद्याची, टाळू नका. साग, अंजन, तिवस, खैर, बीजा ही झाडं स्वतःच्या शेताच्या बांधावर असली तरी १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी घेऊनच तोडावी लागतात, आणि माल हलवायला वनविभागाचा वाहतूक पास लागतो. जुन्या घरातलं लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तरी आधी वनविभागाच्या ऑफिसात जाऊन विचारा, पंचायतीचा घर पाडल्याचा दाखला बरोबर ठेवा. आणि रात्री कुणी बिनापासाची सागाची चौकोनी तासलेली लाकडं स्वस्तात आणून देतो म्हटलं तर घेऊ नका. यावलचं अभयारण्य १९६९ पासूनचं आहे, तिथली तोड आपल्याच दारांसाठी होते. मला त्या जंगलात नुसते बुंधे बघून फार वाईट वाटलेलं आहे.

आता काम करायचं. जुन्या लाकडात पहिला शत्रू खिळा. चार पिढ्यांनी दिवा अडकवायला, पाळणा बांधायला, तोरणाला खिळे ठोकलेले असतात आणि कित्येक आत मोडलेले असतात. सॉमिलवाला अशा मालाला हात लावत नाही, त्याचं पातं एका खिळ्यात जातं. आम्ही आधी तारेच्या ब्रशनं माती-चुना काढला, मग स्पीकरचं जुनं चुंबक दोरीला बांधून प्रत्येक सऱ्यावरून फिरवलं, जिथे ओढलं तिथे खडूची खूण. एका सऱ्यातून १७ खिळे निघाले. भिंतीत बसलेली टोकं कुजलेली असतात, ती फूटभर सोडून द्या.

मग फळ्या कशा चिरायच्या. इथे खान्देशचं हवामान लक्षात ठेवायला लागतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४५ अंश आणि हवा कोरडी ठाक, लाकडातला ओलावा सहा-सात टक्क्यांपर्यंत खाली जातो, आणि श्रावणात तोच १५-१६ वर चढतो. लाकूड ओलावा घेतलं की फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. बैलगाडीचं चाक डोळ्यासमोर आणा. आऱ्याच्या दिशेनं, म्हणजे मधून बाहेर, लाकूड कमी फुगतं, आणि धावेच्या दिशेनं, म्हणजे वर्तुळाच्या अंगानं, जवळपास दुप्पट. लांबीत जवळजवळ काहीच नाही. फळी जर अशी चिरलेली असेल की तोंडावरच्या ओळी फळीच्या रुंदीला समांतर झोपलेल्या दिसताहेत, तर एक फूट रुंदीची सागाची फळी दहा टक्के ओलाव्याच्या फरकानं हिशोबानं साडेपाच मिलिमीटर हलते. ओळी उभ्या असतील तर तीन मिलिमीटर. हा झाला उघड्या लाकडाचा हिशोब, पॉलिशनं थोडं कमी होतं पण थांबत नाही. म्हणून दाराच्या चौकटीला उभ्या ओळींचा माल ठेवा, आणि दाराचे दिलहे, म्हणजे मधल्या सपाट फळ्या, चौकटीत चिकटवू नका, नुसते खाचेत मोकळे बसवा, त्यांना हलायला जागा द्या. उन्हाळ्यात दार बनवलं तर मोकळी फट थोडी जास्त ठेवा, नाहीतर पोळ्याच्या सुमाराला ते दार लागत नाही, मग रंधा मारतात, आणि पुढच्या मे महिन्यात फटीतून अंगण दिसतं. आणि साग असला तरी हे सगळं आहेच, फक्त दुसऱ्या बऱ्याच लाकडांपेक्षा कमी.

चिरलेल्या फळ्या सावलीत, खाली विटा, प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाच्या वर एक रेषेत. उन्हात टाकू नका. जुनं लाकूड असलं तरी नवीन कापल्यावर त्याला दोन-तीन महिने द्या. ताजा कापलेला साग हिरवट-काळपट पट्ट्यांचा, कुरूपच दिसतो. घाबरू नका, उजेडात काही आठवड्यांत तो सोनेरी तपकिरी होतो आणि पट्ट्या बऱ्याच मिसळून जातात.

हत्याराच्या बाबतीत साग मऊ वाटतो पण तो धार खातो. त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार, झाडानं जमिनीतून ओढून घेतलेली. आबा दर अर्ध्या तासानं रंध्याचं पातं काढून दगडावर घासत होते आणि मला आधी वाटलं म्हाताऱ्या माणसाची सवय आहे, मग माझ्या हातात रंधा आला आणि चौथ्या फळीला तो नुसता घसरायला लागला. मशीन वापरत असाल तर कार्बाइड टोकांचंच पातं घ्या. आणि तोंडाला मास्क बांधा, सागाच्या बारीक भुशानं कित्येकांना अंगावर खाज उठते, दम लागतो.

चिकटवताना तेच तेल आडवं येतं. रंधा मारून ठेवलेल्या फळीवर तेल हळूहळू वर येतं, मग दुसऱ्या दिवशी लावलेलं फेविकॉल नीट धरत नाही. रंधा मारल्या मारल्या चिकटवा, किंवा फडक्याला थिनर लावून जोड पुसा, वाळू द्या आणि लगेच चिकटवा. ऊन-पावसातल्या कामाला इपॉक्सी. पॉलिशला पण हेच, आधी थिनरनं पुसायचं. माझं मत विचाराल तर घरातल्या सागाला चपड्याचं पॉलिश किंवा नुसतं जवसाचं तेल आणि मेण पुरे, जाड चकचकीत थर देऊन तो प्लास्टिकसारखा करू नये.

अंजनाचं काम मात्र वेगळंच. ओला असताना चिरला तर चिरला, एकदा ५० वर्षं वाळला की करवतीचे दात गरम होतात. स्क्रू लावायचा तर आधी स्क्रूपेक्षा थोडं बारीक भोक त्याच्या पूर्ण लांबीएवढं खोल पाडा, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं. रंधा मारताना तंतू उलटसुलट, त्यामुळे पातळ काप, पातं जेमतेम बाहेर. आबांनी खांबाच्या कापलेल्या टोकाची मला एक मोगरी, म्हणजे लाकडी हातोडी, करून दिली, मुठीएवढं डोकं, पटाशीवर मारली की आवाज दगडासारखा येतो आणि अजून तिला खाच पडलेली नाही.

सागाच्या सऱ्यांची नव्या घराची दारं झाली, दोन निंबाच्या सऱ्यांची गोठ्याची गव्हाण. अंजनाचे चारही खांब आम्ही चिरले नाहीत, मामांनी ते नव्या ओसरीला जसेच्या तसे उभे केले, खाली तेच जुने दगड.